मेडिकल दुकानात संगणक आणि एआय: कोल्हापूरच्या काउंटरवर नेहमी येणारे प्रश्न

हे प्रश्न केमिस्ट मित्रांचे आहेत, डी फार्म करून नुकत्याच कामाला लागलेल्या पोरांचे आहेत आणि काही गिऱ्हाइकांचेही. उत्तरं देणारा काउंटरमागे उभा राहणारा फार्मासिस्ट आहे, संगणकतज्ज्ञ नाही. त्यामुळे कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं याची शिफारस इथे नाही. घेतलेल्याचा उपयोग कसा करावा आणि कुठे थांबावं, एवढंच आहे.

आमचं गल्लीतलं दुकान. एआय आमच्या काय कामाचं?

एआय या एका नावाखाली तीन-चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, आधी त्या वेगळ्या करू. पहिली म्हणजे बिलिंगचं सॉफ्टवेअर: स्टॉक, बॅच, एक्सपायरी, जीएसटी. यात बुद्धी फारशी नसते, नोंद असते, आणि दुकानाचा सगळ्यात जास्त फायदा तिथेच आहे. दुसरी, मागच्या विक्रीवरून पुढची ऑर्डर सुचवणारं सॉफ्टवेअर. तिसरी, चिठ्ठीचा फोटो वाचणारं ॲप. चौथी, काहीही विचारलं तरी उत्तर देणारा चॅटबॉट. बोलबाला चौथ्याचा आहे. पण पहिली धड नसेल तर बाकीच्या तिघांना खायला काहीच मिळत नाही.

मग सुरुवात कुठून करायची?

खरेदीच्या नोंदीपासून. माल आला की बॅच नंबर आणि एक्सपायरीसकट नोंद झाली पाहिजे. बऱ्याच दुकानांत संगणक असतो, पण त्यावर फक्त विक्रीचं बिल निघतं. खरेदी "नंतर टाकू" म्हणून साचत जाते, स्टॉक उणे दिसायला लागतो आणि महिन्याभरात मालकाचा त्यावरचा विश्वास उडतो. आता बहुतेक स्टॉकिस्ट (आपले घाऊक पुरवठादार) बिलाची फाइल ईमेलवर पाठवतात. ती सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट केली की टायपिंग वाचतं. तरी खोका उघडल्यावर एकाने स्ट्रिपवरची बॅच वाचायची आणि दुसऱ्याने स्क्रीनवर बघायची ही पद्धत सोडू नका. फाइलमधली बॅच आणि खोक्यातली बॅच वेगळी निघण्याचे प्रसंग येतात.

बॅच नंबरचं एवढं काय? गिऱ्हाईक तर कधी विचारत नाही.

गिऱ्हाईक विचारत नाही, पण एखाद्या सकाळी प्रशासन विचारतं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपमुळे लहान मुलं दगावली. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं, आणि आपल्या राज्याच्या एफडीएनेही (अन्न व औषध प्रशासन) त्या सिरपच्या एसआर-१३ या बॅचची विक्री ताबडतोब थांबवा असा इशारा काढला. अशा वेळी ज्याच्या संगणकात बॅचनिहाय नोंद आहे, त्याला दोन गोष्टी लगेच कळतात: ही बॅच आपल्याकडे आली होती का, आणि आली असेल तर कुणाकुणाला गेली. नोंद नसलेला माणूस रॅक उपसत बसतो. विकलेल्या बाटल्यांचं तर त्याला काहीच सांगता येत नाही.

हे एवढं गाजलेलं प्रकरण झालं. एरवीही केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला दर्जा कमी आढळलेल्या औषधांची यादी बॅच नंबरसकट प्रसिद्ध करते. ती पीडीएफ असते, लांबलचक असते, आणि खरं सांगायचं तर फार कमी दुकानांत कुणी ती उघडून बघतं. चॅटबॉटचा मला पटलेला पहिला उपयोग इथला. ती पीडीएफ द्यायची आणि सांगायचं, यातून औषधाचं नाव, कंपनी आणि बॅच असे तीन रकाने काढून एक्सेलचा तक्ता कर. मग आपल्या स्टॉकचा एक्सेल घेऊन बॅचचा रकाना रकान्याशी जुळवायचा. एक खबरदारी मात्र घ्या: मूळ यादीत किती नोंदी आहेत ते मोजा आणि तक्त्यात तेवढ्याच ओळी आल्या का ते बघा. लांब यादीतल्या मधल्या चार ओळी गिळून "सगळं झालं" म्हणून सांगायची या यंत्रांना खोड आहे. जुळवणीसुद्धा त्याच्यावर सोडू नका, ती एक्सेलच्या सूत्राने करा. सूत्र दमत नाही आणि मनाचं घालत नाही.

ऑर्डर सुचवणारं सॉफ्टवेअर घ्यावं का?

रोज खपणाऱ्या मालासाठी घ्या. बीपी, शुगर, थायरॉइडच्या गोळ्यांचा खप सरळ चालतो, तिथे यंत्राचा अंदाज आपल्या शॉर्टेज वहीपेक्षा बरा असतो. "अमुक स्ट्रिप संपत आली" हे ते वेळेत सांगतं, आणि स्कीमच्या मोहाने दहावर एक फुकट म्हणून भरलेला माल नंतर एक्सपायरीत जाणार असेल तर तेही दाखवतं.

पण कोल्हापूर काही फक्त इंग्रजी महिन्यांवर चालत नाही. जोतिबाची यात्रा चैत्र पौर्णिमेला भरते. ती २०२४ मध्ये २३ एप्रिलला होती, २०२५ मध्ये १२ एप्रिलला, २०२६ मध्ये २ एप्रिलला. मागच्या वर्षीच्या तारखा बघून अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर ओआरएस, पॅरासिटामॉल आणि पट्ट्या मागवायला सांगणार, तेव्हा जोतिबाच्या, म्हणजे वाडी रत्नागिरीच्या, डोंगरावरून सासनकाठ्या परत गेलेल्या असतील. अंबाबाईच्या नवरात्राचंही तेच. खेड्यातल्या दुकानांचा आणखी एक हिशेब आहे: दुधाचं बिल दहा दिवसांनी होतं आणि बिल झालं की महिन्याच्या गोळ्यांची खरेदी होते. गळीत हंगामात ऊसतोड टोळ्या येतात, तेव्हा जखमेची मलमं आणि पोरांची तापाची औषधं एकदम उठतात. टोळ्या गेल्या की तोच माल पडून राहतो. सॉफ्टवेअरमध्ये "विशेष दिवस" भरायची सोय असेल तर वर्षाच्या सुरुवातीला पंचांग घेऊन बसा आणि तारखा टाका. सोय नसेल तर त्या आठवड्यांपुरता यंत्राचा सल्ला बाजूला ठेवा आणि दुकानातल्या जुन्या माणसाला विचारा.

डॉक्टरांचं अक्षर वाचणारं ॲप मिळतं म्हणे. भरवसा ठेवावा का?

वाचायला त्याची मदत घ्या, निर्णय त्याच्यावर सोडू नका. ही ॲप छापील मजकूर उत्तम वाचतात आणि हाताचं अक्षर बऱ्यापैकी. अडचण ही की ज्या शब्दात ती चुकतात, तोही ती स्वच्छ टायपात दाखवतात. अक्षर लागलं नाही तर माणूस चिठ्ठी उजेडात धरतो, दुसऱ्याला दाखवतो, डॉक्टरांना फोन लावतो. स्क्रीनवर नाव टापटीप आलं की ही शंकाच मरते, आणि धोका तिथे आहे. हायड्रॉक्सिझिन आणि हायड्रॅलाझिन ही नावं जवळजवळ सारखी दिसतात. एक खाजेचं औषध, दुसरं रक्तदाबाचं.

आपल्याकडे आणखी एक घोळ आहे तो आकड्यांचा. आपला मराठी एक हा यंत्राला इंग्रजी नऊ वाटू शकतो. काही जुने डॉक्टर औषधाचं नाव इंग्रजीत आणि "१ गोळी, ५ दिवस" मराठीत लिहितात. अशी मिसळ आली की ॲपने वाचलेला आकडा कधीच जसाच्या तसा घेऊ नका. मी पोरांना एक क्रम लावून दिलाय: आधी चिठ्ठी स्वतः वाचायची, मनात नाव ठरवायचं, मग ॲपचं बघायचं. दोन्ही जुळलं तर पुढे, नाही जुळलं तर डॉक्टरांना फोन. उलट्या क्रमाने गेलात की डोळ्यांना यंत्राने सांगितलेलंच दिसतं.

आणि पेशंटला विचारायचं: "मामा, कशासाठी दिल्यात गोळ्या?" पित्तासाठी गेलेला माणूस आणि चिठ्ठीत झटक्यांचं औषध, हे कुठल्याही ॲपला कळत नाही. मामांना विचारलं की पाच सेकंदांत कळतं.

दोन औषधं एकमेकांशी भांडतात का, हे सॉफ्टवेअर सांगतं. ते खरं असतं का?

माहिती बहुधा खरी असते, पण तिचं प्रमाण चुकतं. अशा सॉफ्टवेअरचा सगळ्यात मोठा दोष म्हणजे ते सारखं ओरडतं. चार औषधांच्या चिठ्ठीला सहा लाल खुणा आल्या की आठवड्याभरात पोरं न वाचता एंटर दाबायला शिकतात. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन फक्त गंभीर इशारे चालू ठेवा आणि काही जोड्या दुकानातल्या सगळ्यांना पाठ करून घ्या. वॉरफॅरिन घेणाऱ्याला दुखण्याची गोळी. हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्याला सिल्डेनाफिल. मेथोट्रेक्सेटवर असलेल्याला कोट्रायमॉक्साझोल. सिमव्हास्टॅटिनबरोबर क्लॅरिथ्रोमायसिन. या जोड्या दिसल्या की हात थांबला पाहिजे, संगणक चालू असो वा नसो.

खरी मजा एका चिठ्ठीत नसते, दोन चिठ्ठ्यांमध्ये असते. जुलैमध्ये पन्हाळा, गगनबावड्याकडे भाताची रोप लावण चालू असते. दिवसभर चिखलात वाकून कंबर धरलेला शेतकरी गावातल्या डॉक्टरांची ॲसिक्लोफिनॅक या दुखण्याच्या गोळीची चिठ्ठी घेऊन येतो. त्या डॉक्टरांना ठाऊक नसतं की शहरातल्या दुसऱ्या डॉक्टरांनी त्याला टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडची एकत्र गोळी कायमची लावून दिली आहे. बीपीच्या या दोन औषधांबरोबर दुखण्याची तिसरी गोळी आली की मूत्रपिंडावर ताण पडतो, आणि माणूस उपाशी, तहानलेला असेल तर जास्तच. दोन्ही चिठ्ठ्या फक्त एकाच ठिकाणी भेटतात, आपल्या काउंटरवर. जुनी बिलं त्याच्या मोबाइल नंबरवर असतील तर नवं बिल करताना बीपीची गोळी समोर दिसते. मग फोन उचलायचा आणि डॉक्टरांना विचारायचं, "या पेशंटला बीपीची अमुक गोळी चालू आहे, पॅरासिटामॉलवर भागेल का?" बहुतेक डॉक्टर आभारच मानतात. एखादा चिडतो, पण चिठ्ठी बदलतो.

म्हणून रोख गिऱ्हाइकाचंही बिल "कॅश" या नावावर फाडू नका. नाव आणि नंबर टाका. कायम औषध घेणाऱ्यांचं तरी नक्की.

सॉफ्टवेअर एका क्लिकवर त्याच घटकाचा दुसरा ब्रँड दाखवतं. देऊन टाकायचा का?

नाही. स्क्रीनवर दिसतं म्हणून कायद्यात बसतं असं होत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या नियम ६५ प्रमाणे शेड्यूल एच आणि एक्स (चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या याद्या) यांमधलं औषध असेल तर चिठ्ठीवर लिहिलेल्याऐवजी दुसऱ्या ब्रँडचं देता येत नाही, घटक तोच असला तरीही. डॉक्टरांना फोन करून त्यांच्याकडून चिठ्ठी बदलून घ्या. त्या यादीचा उपयोग मात्र आहे: फोन करताना आपल्याकडे काय शिल्लक आहे आणि कितीला आहे हे नेमकं सांगता येतं. पेशंटला परवडत नसेल तर चिठ्ठीत जेनेरिक नाव लिहून द्यायला डॉक्टरांना सांगा आणि जनऔषधी केंद्राचा पत्ताही द्या. धंदा जातो खरा. माणूस परत येतो हेही खरं.

डोस आठवत नसला तर चॅटबॉटला विचारलं तर चालेल?

उजळणीसाठी, हो. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी का, लोहाच्या गोळीबरोबर चहा का नको, हे तो छान समजावतो, मराठीतही. पण लहान मुलाचा वजनावरचा डोस, गरोदर बाई, मूत्रपिंडाचा पेशंट, इन्सुलिनची युनिट्स, या चार ठिकाणी त्याचं उत्तर कितीही ठामपणे आलं तरी ते छापील संदर्भाशी किंवा डॉक्टरांशी पडताळल्याशिवाय तोंडातून काढायचं नाही. हा चॅटबॉट माहीत नाही असं क्वचित म्हणतो. न सापडलेलं घडवून सांगतो, आणि वर संदर्भही देतो. संदर्भ मागा आणि तो उघडून बघा. उघडला नाही, तर उत्तरही सोडून द्या.

केंद्राच्या टेलिमेडिसिनच्या (फोन-व्हिडिओवरून पेशंट तपासण्याच्या) मार्गदर्शक सूचना २५ मार्च २०२० च्या आहेत. त्यात स्पष्ट लिहिलंय की एआयवर चालणाऱ्या यंत्रणेने पेशंटला सल्ला देऊ नये आणि औषध लिहून देऊ नये. डॉक्टरला मदत करायला हरकत नाही. काउंटरवरही हीच रेघ धरून चाला.

गिऱ्हाईकच मोबाइलवरचं उत्तर दाखवून अँटिबायोटिक मागतं. काय करायचं?

हसून घालवू नका आणि भांडूही नका. "दादा, बघू तर काय म्हणतंय ते," म्हणून वाचून घ्या. त्यातल्या बरोबर गोष्टी मान्य करा, कारण बऱ्याच बरोबर असतात. मग स्ट्रिपवरची लाल उभी रेघ दाखवा. ही रेघ असलेलं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही, हे लोकांना कळावं म्हणून २०१६ पासून केंद्राने मोहीम चालवली आहे, पण काउंटरवर बोटाने दाखवल्याशिवाय ती कुणाच्या लक्षात येत नाही. तापाचं, खोकल्याचं कारण मोबाइलला दिसत नाही, नाडी बघणाऱ्याला दिसतं, एवढं बोललं की निम्मे लोक ऐकतात. उरलेले पुढच्या दुकानात जातात. जाऊ देत.

व्हॉट्सॲपवर आलेल्या चिठ्ठीच्या फोटोवर औषध देता येतं का?

डॉक्टरांनी टेलिमेडिसिनने तपासून पाठवलेली सही असलेली चिठ्ठी, तिचा फोटो किंवा ई-चिठ्ठी वर सांगितलेल्या २०२० च्या सूचनांनुसार ग्राह्य आहे. शेड्यूल एक्समधली आणि अमली किंवा मनावर परिणाम करणाऱ्या द्रव्यांच्या कायद्यातली औषधं अशा चिठ्ठीवर लिहिताच येत नाहीत. शेजाऱ्याने फॉरवर्ड केलेला, तारीख कापलेला, दोन वर्षांपूर्वीचा फोटो म्हणजे चिठ्ठी नव्हे. फोटोत चार गोष्टी शोधा: डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक, पेशंटचं नाव, तारीख, सही. शंका आली तर मूळ कागद मागा. फोटोवर आधी माल काढून ठेवायला हरकत नाही, हातात देताना कागद बघायचा.

एच-वन रजिस्टर संगणकावर ठेवलं तर चालतं का?

शेड्यूल एच-वन १ मार्च २०१४ पासून लागू आहे. सुरुवातीच्या यादीत ४६ औषधं होती: वरच्या पायरीची अँटिबायोटिक, क्षयरोगाची औषधं, झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्या. प्रत्येक विक्रीला डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि संख्या लिहायची आणि नोंद ३ वर्षं जपायची. चांगलं सॉफ्टवेअर यातलं औषध बिलात आलं की हे रकाने भरल्याशिवाय पुढेच जात नाही. ती सोय बंद करू नका, गर्दीत कितीही राग आला तरी. माझा सल्ला, रोजची पानं छापून, फार्मासिस्टची सही करून फाइलला लावा. ड्रग इन्स्पेक्टर आल्यावर पासवर्ड शोधत बसण्यापेक्षा फाइल पुढे केलेली बरी.

क्षयरोगाच्या औषधांचं आणखी एक काम आहे. २०१८ च्या अधिसूचनेपासून केमिस्टनेही या पेशंटची माहिती सरकारला कळवायची आहे, आणि त्यासाठी निक्षय पोर्टल आहे.

पेशंटची माहिती मोबाइलवर ठेवण्यात धोका काय?

दुकानातल्या पोराच्या वैयक्तिक मोबाइलवर चिठ्ठ्या येतात, त्या त्याच्या गॅलरीत जातात, गॅलरीचा बॅकअप आपोआप होतो, आणि एचआयव्हीची, मनोविकाराची, गर्भपाताची चिठ्ठी कुणाच्या तरी फोटोंमध्ये देवदर्शनाच्या फोटोशेजारी जाऊन बसते. आपल्या पेठांमध्ये सगळे सगळ्यांना ओळखतात. मंगळवार पेठेतली गोष्ट संध्याकाळपर्यंत रंकाळ्यावर पोचते. म्हणून दुकानासाठी वेगळा मोबाइल, वेगळा नंबर, फोटो आपोआप सेव्ह होणं बंद, काम झालं की पुसून टाकायचं. चॅटबॉटला काही विचारताना पेशंटचं नाव, नंबर, गाव कधीच टाकू नका. "६० वर्षांचा पुरुष, शुगर आहे" एवढं पुरतं. चिठ्ठीचा फोटो टाकायचाच तर वरचा भाग झाकून काढा.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमती मागतो. कायम गिऱ्हाइकाला "तुमच्या गोळ्या संपत आल्या की मेसेज करू का?" असं विचारा आणि हो म्हटलं तरच करा. आणि मेसेजमध्ये औषधाचं नाव नको. घरातला मोबाइल कुणाच्याही हातात असतो.

क्यूआर कोड स्कॅन केला की औषध अस्सल आहे हे कळतं का?

१ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या वेष्टनावर असा कोड सक्तीचा आहे. स्कॅन केल्यावर औषधाचं नाव, कंपनीचा पत्ता, बॅच, बनवल्याची आणि संपण्याची तारीख, परवाना क्रमांक दिसायला हवा. ते सगळं स्ट्रिपवरच्या छपाईशी ताडून बघा. नुसता स्कॅन झाला म्हणजे अस्सल, असं नाही. कोडची झेरॉक्ससुद्धा स्कॅन होते. ओळखीच्या स्टॉकिस्टकडून पक्क्या बिलाने घेतलेला माल ही जुनी कसोटी अजून चालते. अवाजवी सूट देणारा अनोळखी पुरवठादार आला तर क्यूआर बघण्याआधी त्याचं लायसन्स बघा.

मराठीत लेबल छापून द्यावं का?

जरूर द्यावं. संगणकाने केलेल्या सगळ्या कामांत पेशंटला थेट जाणवणारं काम हेच. "१-०-१" हे अनेक आजींना कळत नाही. "सकाळी जेवल्यावर १, रात्री जेवल्यावर १" हे कळतं, आणि वाचता येत नसेल तर सूर्य-चंद्राची चित्रं छापता येतात. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ते रोज घेतल्याने जगभर माणसं गेली आहेत. त्या स्ट्रिपवर "आठवड्यातून एकदा" एवढ्यावर थांबू नका, पेशंटला विचारून वार छापा: "फक्त सोमवारी". आणि खाली मोठ्या अक्षरात, "रोज घेऊ नये".

कर्नाटकातल्या निपाणी, संकेश्वरकडचे पेशंट सीपीआरला (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) येतात, आपल्याकडे कन्नड लेबल मागतात. भाषांतर यंत्राकडून करून घ्या, पण पहिल्यांदा छापण्याआधी कन्नड वाचणाऱ्या माणसाला दाखवा. वाक्यं वीस-पंचवीसच लागतात, एकदा तपासून ठेवली की कायमची झाली. लिक्विड औषधाला "चमचा" लिहू नका, मिली लिहा आणि मापाचं टोपण दाखवा.

फ्रिजचं तापमान मोबाइलवर बघता येतं का?

येतं. तापमान नोंदवणारा छोटा डेटा लॉगर फ्रिजमध्ये ठेवला की २ ते ८ अंशांच्या बाहेर गेल्यावर मेसेज येतो आणि रात्रभराचा आलेख मिळतो. लोक वीज गेल्याची काळजी करतात, पण घरगुती फ्रिजमध्ये उलटा धोकाही असतो: बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलेलं इन्सुलिन गोठतं. गोठलेलं इन्सुलिन वितळून पूर्वीसारखं दिसलं तरी टाकूनच द्यायचं. लॉगरचा सेन्सर मधल्या कप्प्यात, औषधांच्या शेजारी ठेवा, दारात नको.

जीएसटी बदलला तेव्हा सॉफ्टवेअरने गोंधळ केला. पुढच्या वेळी काय करायचं?

२२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधं १२ वरून ५ टक्क्यांवर आली आणि ३३ औषधांवरचा कर शून्य झाला. असा बदल आला की आदल्या रात्री पूर्ण बॅकअप घ्या, अपडेट टाका, आणि सकाळी पहिलं बिल गिऱ्हाइकाला देण्याआधी वेगवेगळ्या दरांची पाच-सहा बिलं करून हातानं ताडून बघा.

एवढं सगळं संगणकच करणार तर फार्मासिस्ट कशाला?

फार्मसी कायदा १९४८ चं कलम ४२ बघा. चिठ्ठीवर औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टचा आहे. सर्टिफिकेट भिंतीवर आणि माणूस दुसऱ्याच गावात, हा आपल्या धंद्याचा जुना रोग आहे आणि एआय त्याला चांगलं निमित्त देणार, ही भीती मला आहे.

ऑनलाइन कंपन्यांपुढे आपण टिकणार का?

सवलतीत नाही टिकणार. ई-फार्मसीच्या नियमांचा मसुदा ऑगस्ट २०१८ मध्ये निघाला, अंतिम नियम अजून आले नाहीत. केमिस्टांची संघटना आपली लढाई लढते आहे, ती लढू दे. दुकानाने काय करावं तर संपत आलेल्या गोळ्यांची आठवण, संध्याकाळी घरपोच, मराठी लेबल, आणि फोन उचलणारा ओळखीचा माणूस. रात्री अकराला पोराला ताप चढला की वहिनी ॲप उघडत नाहीत, शटर वाजवतात.

पुराच्या वेळी या डिजिटल कारभाराचं काय होतं?

पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेलं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, दोन्ही वेळा महामार्ग बंद पडला आणि स्टॉकिस्टकडून माल येणं थांबलं. बॅकअपचा पेनड्राइव्ह गल्ल्याच्या खणात ठेवणारे पेनड्राइव्हसकट भिजले. बॅकअप क्लाउडवर हवा किंवा उंचावरच्या दुसऱ्या घरात हवा. संगणक, यूपीएस आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर पहिल्यापासूनच खांद्याच्या उंचीवर बसवा. पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीवर आलं की इन्सुलिन, झटक्यांची औषधं, डायलिसिसची औषधं लागणाऱ्या पेशंटची यादी काढून त्यांना पंधरा दिवसांचा माल आधीच घ्यायला सांगा. बिलांत नाव-नंबर टाकले असतील तर ही यादी निघते.

पाण्यात गेलेली स्ट्रिप वरून कोरडी दिसली तरी विकायची नाही. फेकण्याआधी बॅच दिसेल असे फोटो काढा. विमा कंपनी आणि स्टॉकिस्ट दोघेही बुडालेल्या मालाचा बॅचनिहाय तपशील मागतात, आणि तो पाणी ओसरल्यावर आठवून लिहिता येत नाही. त्यासाठी पावसाळ्यात रोज दुकान बंद करताना स्टॉकचा रिपोर्ट पीडीएफ करून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा.